सोडा म्हणेपर्यंत

सकाळी उशीखाली फोन थरथरला की माझा दिवस सुरू व्हायचा. दोनदा थरथरला तर गजर, एकदाच लांबलचक थरथरला तर आई. आई शेजारच्याच खोलीत असायची, पण हाका मारून उपयोग नाही हे तिच्या अंगवळणी पडायला वर्ष गेलं. मग ती स्वयंपाकघरातूनच 'उठलीस का' असा मेसेज टाकायला लागली.

सतराव्या वर्षी मला मेंदूज्वर झाला. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा कान गेले होते. बोलणं शाबूत होतं, फक्त आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज लागत नव्हता. त्यासाठीही फोनवर एक पट्टी होती. हिरवी राहिली तर ठीक, लाल झाली की समोरचा दचकलेला असायचा.

कॉलेजात फोनशिवाय कुणाचंच पान हलत नसे. कुणी फळ्याचे फोटो काढायचं, कुणी हाडांची नावं रंगीत चित्रांवर बोट ठेवून पाठ करायचं. माझी बाकावरची मैत्रीण अख्खं लेक्चर रेकॉर्ड करून बसमध्ये दुप्पट वेगानं ऐकायची. तिच्या कानातल्या लोंबत्या डुलांमुळे तिला सगळे झुंबर म्हणायचे. माझ्याकडे बोलणं लिहून दाखवणारं ॲप होतं. बोटाच्या पेराएवढा माइक सरांच्या कॉलरला लावायचा, त्याचा चिमुकला रिसीव्हर फोनला जोडायचा, की सर बोलतील ते पडद्यावर उमटत जायचं. प्रत्येक आवाजाला वेगळा रंग. सर निळे, झुंबर हिरवी, मी काळी. ओळखीचा नसलेला आवाज करड्या रंगात यायचा. वर्गात कुणी हळूच विनोद केला तरी तो माझ्यापर्यंत पोचायचा, पण दोन सेकंद उशिरा, आणि मग सगळ्यांचं हसून झाल्यावर मी एकटीच हसायचे. त्यामुळे माझं नाव सबटायटल पडलं. मला त्याचं वाईट वाटत नसे. नाव ठेवलंय म्हणजे आपण त्यांच्यातले झालो, असं मी धरून चालले होते.

कोर्स एक्स-रे तंत्रज्ञाचा होता. प्रवेशाच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न तीन जणांनी तीन तऱ्हांनी विचारला. आतल्या खोलीत पेशंट एकटा असतो, तुम्ही काचेमागे असता, त्यानं हाक मारली तर तुम्हाला कळणार कसं? मी म्हटलं, "मला दिसेल." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रवेश मिळाला, पण तो प्रश्न तीन वर्षं माझ्या मागे मागे फिरला.

तिसऱ्या वर्षी रुग्णालयाच्या विभागात कामाला जायचं होतं. विभाग तळघरात होता. स्ट्रेचर ढकलायला केलेल्या उतारावरून खाली गेलं की जंतुनाशकाचा वास यायचा आणि पायाला एक बारीक कंप जाणवायचा. तो हवेच्या यंत्राचा, असं सर म्हणाले होते. खोल्या दोन. खोली एकमध्ये नवं मशीन होतं. खोली दोनमध्ये जुनं, छातीच्या तपासणीचं. तिचं दार शिशाचा पत्रा घातलेलं, खांद्यानं ढकलावं लागे इतकं जड. कंट्रोलची खोली म्हणजे एक अरुंद खण होता. एक खुर्ची, एक टेबल, बटणं, इंटरकॉम आणि समोर जाडजूड, किंचित पिवळी काच. दार लागलं की आतला माइक फोनशी जोडलेला राहत नसे, शिसं काही आरपार जाऊ देत नाही. म्हणून मी माइक माझ्याच बाजूला, इंटरकॉमच्या जाळीला चिकटवून ठेवायचे. पेशंट आत बोलला की इंटरकॉममधून आवाज इकडे यायचा आणि पडद्यावर उमटायचा.

छातीच्या एक्स-रेला तीन सूचना असतात. श्वास घ्या. रोखून धरा. सोडा. शेवटच्या दोहोंच्या मध्ये बटण दाबायचं. बाकी सगळं कौशल्य उभं करण्यात आहे. हनुवटी वर, खांदे पुढे, हात कमरेवर.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा झुंबर पेशंट झाली होती. बटण दाबायचं नव्हतं, नुसता सराव. मी पट्टीकडे बघत म्हटलं, "श्वास घ्या. रोखून धरा." तेवढ्यात माझ्या शेजारी उभ्या सरांची निळी ओळ आली. 'खांदे पुढे आलेत का बघ.' मी काचेतून नीट पाहिलं. खाली नजर आणली तर निळ्या ओळीखाली करडी ओळ होती.

'रोखून धरलाय.'

मी "सोडा" म्हटलं. झुंबर बाहेर आली तेव्हा तिला विचारलं, "तू मध्येच काय बोललीस?"

"श्वास रोखून कोण बोलतं गं? बेशुद्ध पडायची वेळ आली होती माझी."

इंटरकॉममधून आवाज फाटका येत असेल, ॲपला तिला ओळखता आलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं आणि विसरले.

पुढच्या आठवड्यात दुपारी एक ते दोन, सगळे जेवायला वर गेले असताना, मी एकटी खोली दोनमध्ये थांबले. पट्टी हिरवी ठेवून तिन्ही सूचना म्हणायचा सराव करायचा होता. आतली खोली रिकामी होती. दिवा लावलेला, स्टँड उभा, कोपऱ्यात शिशाचा ॲप्रन खुंटीला. इंटरकॉम मी सुरूच केला नव्हता. म्हटलं, "श्वास घ्या. रोखून धरा." तेवढ्यात आईचा मेसेज आला, जेवलीस का. मी 'आत्ता जाते' असं लिहिलं, पाठवलं, आणि परत ॲपवर आले.

'अजून धरलाय.'

पडद्यावर तीन ठिपके नाचले, कुणी बोलायला लागलं की नाचतात तसे.

'सांगा ना. सोडू का?'

मी मागे वळून पाहिलं. भिंत होती. काचेतून पाहिलं. स्टँड होता. मी उठले नाही. पंख्याच्या घरघरीला हे ॲप कधीकधी 'बरं बरं' असं लिहून दाखवतं, हे मला माहीत होतं. यंत्राच्या चुकीला उत्तर देत बसणं हे वेड लागल्याचं पहिलं लक्षण, असंही मला वाटत होतं. मी फोन बंद केला आणि उतार चढून वर गेले. त्या दिवशी मी जेवले नाही, एवढंच.

पळून जाणं मला परवडणारं नव्हतं. त्या खोलीत माझी परीक्षा होऊ शकत होती. पडद्यावर काय खरं आणि काय खोटं हे मला ठरवता आलं नाही, तर मुलाखतीतल्या त्या तिघांचंच बरोबर ठरणार होतं. मी वही घेतली. तारीख, वेळ, पंखा चालू की बंद, इंटरकॉम चालू की बंद, आत कोण, करडी ओळ काय. अकरा दुपारी मी खाली गेले. पंखा बंद ठेवला, मशीनची वीज तोडली, माइक बदलला. एकदा तर झुंबरचा फोन मागून घेऊन त्यावर ॲप बसवलं. खोली एकमध्ये कधीच काही आलं नाही. खोली दोनमध्ये नऊ वेळा आलं. मी 'रोखून धरा' म्हटलं तरच यायचं, आणि दर वेळी तेच विचारायचं. वाट पाहणाऱ्या माणसाच्या अदबीनं. चिडून नाही, रडून नाही.

बाराव्या दिवशी मी झुंबरला सगळं सांगितलं. ॲप आवाजही साठवून ठेवायचं. त्या नऊ नोंदी मी तिला ऐकायला दिल्या. ती कॅन्टीनच्या कोपऱ्यात, कानात इअरफोनची बोंडं घालून, डोळे मिटून ऐकत बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण मला तेवढंच वाचता येतं.

"काही नाही," ती म्हणाली. "पंखा आहे. तुझा आवाज आहे. लांबून ट्रॉलीची चाकं." मग तिनं परत लावलं. मग पुन्हा एकदा. चौथ्यांदा तिनं एक बोंड काढलं. "हे बघ. ती ओळ येते ना, तेवढा वेळ पंखा नाही. चाकंही नाहीत. काहीच नाही. ओळ संपली की सगळं परत सुरू."

"माइक बंद पडला असेल."

"माइक बंद पडला तरी खरखर राहते." तिनं फोन माझ्याकडे सरकवला. "एवढी शांतता मी कधी ऐकलेली नाही. मला परत ऐकवू नकोस."

विभागात एक मदतनीस काका होते. पेशंटना आत नेणं, गाऊन देणं, स्टँड पुसणं अशी कामं ते तीस वर्षं करत होते. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, आणि चष्मा काढून खिशात ठेवला. पुढची पानं उलटलीच नाहीत.

"तू उत्तर दिलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"देऊ नकोस, पोरी."

"का? काय आहे ते?"

ते स्टँड पुसायला लागले. पाठ फिरवून बोलले तरी माइक त्यांच्या जवळ होता, त्यामुळे मला वाचता आलं. 'आम्हाला कधी ऐकू आलं नाही, म्हणून बरं होतं. एकदा उत्तर दिलं की ते आपलं काम होऊन बसतं.' मी दोनदा विचारलं. ते स्वच्छ झालेला स्टँड पुसत राहिले.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या काढल्या. मला खोली दोन आली. सरांना वहीबद्दल काही माहीत नव्हतं, पण जुन्या मशीनवर मला जड जाईल असं त्यांना वाटलं असावं. ते बाजूला घेऊन म्हणाले, "बदलून देऊ का? एकमध्ये एक जागा आहे."

मी नको म्हटलं. माझ्यासाठी चिठ्ठी बदलली असं कुणी म्हणायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर त्या खोलीपुढे हार मानायची माझी तयारी नव्हती.

परीक्षक मॅडम बाहेरून आल्या होत्या. राखाडी केस, सरळ कणा, हातात बंद फाइल. माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा चालणार नाही." मी परवानगीचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फोन टेबलावर दोघींच्या मध्ये ठेवला. "ठीक आहे. मग मलाही दिसू दे. पेशंटनं हाक मारली तर तुम्हाला किती वेळानं कळतं ते मी बघणार आहे."

म्हणजे तोच प्रश्न. तीन वर्षांनी, माझ्या पुढ्यात.

पेशंट म्हणून काका आत गेले. मी त्यांना उभं केलं. हनुवटी वर, खांदे पुढे, हात कमरेवर. बाहेर येऊन दार खांद्यानं लावलं. खुर्चीत मॅडम, बाजूला मी उभी. त्यांचा आवाज मी ॲपमध्ये तांबड्या रंगात नोंदवून ठेवला होता. माइक जाळीला. पट्टी हिरवी.

"श्वास घ्या."

काकांची छाती फुगली.

"रोखून धरा."

करडी ओळ लगेच आली.

'दोघांनी?'

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग काचेतून आत. मी बटणावर बोट ठेवून दाबल्याची खूण केली आणि म्हटलं, "सोडा." काकांचे खांदे खाली आले.

'मला म्हणालात का?'

"कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं. ते त्यांच्या तांबड्या रंगात उमटलं आणि लगेच वर सरकलं, कारण खाली करड्या ओळी यायला लागल्या होत्या.

'मला म्हणालात का?'

'मी सोडू का?'

'मला म्हणालात का?'

पडदा भरून चालला होता. आत काकांचे ओठ हलले. ते काहीतरी सांगत होते. त्यांची ओळ आली असेलही, मला ती सापडली नाही. करड्या ओळींनी ती वर ढकलून दिली होती. पेशंट हाक मारत होता आणि मला कळत नव्हतं.

मी काचेतून काकांच्या तोंडाकडे पाहिलं. 'देऊ नकोस,' असं ते म्हणत होते. निदान मला तसं वाचता आलं.

मॅडमनी फाइल उघडली. पेनचं टोपण काढलं.

मी वाकून इंटरकॉमजवळ तोंड नेलं. पट्टीकडे पाहिलं नाही.

"हो," मी म्हटलं. "तुम्हीसुद्धा. सोडा."

पडदा थांबला.

पायाखालचा कंपही थांबला.

मॅडमनी हात कानावर नेला, विमानात कान बंद झाले की नेतात तसा. त्यांचे ओठ हलले, पण पडद्यावर काही आलं नाही.

मग काचेवर वाफ धरली. बशीएवढा एक गोल, पसरत गेलेला, कडेला विरळ. मॅडमच्या आणि माझ्या चेहऱ्याच्या बरोबर मध्ये.

तो विरायला खूप वेळ लागला. मी बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं. वाफ आमच्या बाजूनं होती.

पायाखाली कंप परत आला. पडद्यावर काकांची ओळ उमटली. 'झालं का? बाहेर येऊ का?' मी "हो" म्हटलं.

मॅडमनी फाइल पुढ्यात ओढली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "आत पेशंट किती होते?"

"एक," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहून घेतलं. उत्तीर्णच्या चौकटीत खूण केली, टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. उतारावर त्यांनी एकदा थांबून कठड्याला धरलेलं मला दिसलं.

निकाल लागला तेव्हा आईनं शेजारच्या खोलीतून मेसेज टाकला नाही, धावत येऊन मिठी मारली. झुंबर दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. मला याच विभागात घेतलं. खोली दोनवर कुणाला नेमायचं हे ठरत होतं तेव्हा मी आपणहून हात वर केला. काका त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. महिनाभरानं ते निवृत्त झाले.

तीन महिने करडी ओळ आली नाही. सकाळी आठला मी दार ढकलायचे, फोन लावायचे, माइक जाळीला चिकटवायचे, पेशंट घ्यायला लागायचे. दिवसाला साठ-सत्तर छात्या. एकही हाक माझ्याकडून हुकली नाही. विभागप्रमुखांनी स्वतः येऊन ते सांगितलं.

मग एका सोमवारी, पहिला पेशंट यायच्या आधी, मी अजून खुर्चीतही बसले नव्हते, तेव्हा ओळ आली.

'श्वास घ्या.'

मी घेतला. घेतल्यावर कळलं की घेतलाय.

'रोखून धरा.'

तिसरी सूचना यायला त्या दिवशी एकोणीस सेकंद लागले. मंगळवारी सव्वीस. मी वही पुन्हा काढली आहे. तारीख, वेळ, सेकंद. ती यायच्या आधीच श्वास सोडून पाहायचा प्रयत्न मी एकदा केला. तो सुटला नाही.

बदली मागितलेली नाही आणि मागणार नाही. मी ही खोली कष्टानं मिळवली आहे. पाणबुड्यांसाठीचं, श्वास रोखायचा सराव करून घेणारं एक ॲप मी उतरवून घेतलं आहे. सकाळ-संध्याकाळ करते, बसमध्येही करते. ते चांगलं आहे, प्रगतीचा आलेख दाखवतं. माझा आकडा आता एक मिनिट बारा सेकंदांवर गेलाय.

काल 'सोडा' यायला एक मिनिट नऊ लागले.